गल्लीतल्या कुत्रीला माणसाळवलं कोणी?

प्रश्न : आम्ही उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये राहतो. आमच्या गल्लीत एक तांबूस रंगाची कुत्री आहे. ती कोणाचीच नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला ओळखते. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच तिथे येऊन बसते, अनोळखी माणूस दिसला की भुंकते, मुलं शाळेतून आली की शेपटी हलवत पुढे जाते. सातवीतल्या माझ्या मुलीने विचारलं, "हिला कोणी पाळलंच नाही, तर ही माणसाळली कशी? आणि जगातला पहिला कुत्रा कोणी पाळला?" कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी, एवढं तिला पाठ आहे. पण 'कसा' याचं उत्तर ना तिच्याकडे आहे, ना माझ्याकडे.
– एक वाचक, उल्हासनगर कॅम्प ५

उत्तर : मुलीने पाठ केलेलं वाक्य खरं आहे. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर हे प्राणी माणसाजवळ आले ते शेतीच्या आगेमागे, गेल्या १०-११ हजार वर्षांत. कुत्रा त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याबरोबर आहे. घर नव्हतं, शेत नव्हतं, मडकंसुद्धा नव्हतं, माणसांच्या टोळ्या शिकार करत रानोमाळ फिरत होत्या, तेव्हा कुत्रा होता. मात्र ते वाक्य वाचून डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते चुकीचं आहे. कोणा धाडसी माणसाने लांडग्याचं पिल्लू धरून आणलं, दोरीने बांधलं, खाऊ घातलं आणि त्याचा कुत्रा झाला, असं घडलेलं नाही. कितीही माया लावा, एका लांडग्याचा कुत्रा होत नाही.

हे प्रयोगाने तपासलेलं आहे. हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी लांडग्याची पिल्लं डोळे उघडायच्या आधीपासून माणसाच्या हातावर वाढवली. दिवसरात्र माणसाची सोबत, बाटलीने दूध, माणसाजवळच झोप. तशीच कुत्र्याची पिल्लंही वाढवली. पुढे दोघांसमोर खाऊ असलेला, पण काही केल्या न उघडणारा डबा ठेवला. कुत्रा थोडा वेळ झटापट करायचा आणि मग वळून माणसाच्या तोंडाकडे बघायचा. लांडगा डब्याशीच झुंजत राहायचा. ज्याच्या मांडीवर तो वाढला तो माणूस तिथेच उभा होता, पण त्याच्याकडे मदतीसाठी बघावं हे लांडग्याला सुचत नव्हतं. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता याची उलट बाजू. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेने चांगल्या जातिवंत कुत्र्यांची पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत माणसाचा स्पर्शही न होऊ देता वाढवली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लांनी माणूस जवळून पाहिलाच नाही, ती पुढे रानटीच राहिली. नंतर कितीही लाड केले तरी ती माणसाला बुजतच राहिली. हा प्रयोग १९६१ सालचा आहे.

तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दोन प्रयोगांच्या मध्ये आहे. माणसाळणं दोनदा घडावं लागतं. एकदा वंशात, हजारो वर्षं, हजारो पिढ्या. आणि एकदा प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात, तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. तुमच्या तांबूस कुत्रीला पहिला वारसा तिच्या पूर्वजांकडून मिळाला. दुसरा तुमच्या गल्लीने दिला. ती कुठेतरी जिन्याखाली, उभ्या टेम्पोच्या सावलीत किंवा पडक्या भिंतीआड जन्मली असेल. डोळे उघडल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत तिच्या कानावर शटरचा खडखडाट, मुलांचा कालवा, कुकरच्या शिट्ट्या पडल्या असतील. कोणी बिस्कीट टाकलं असेल, कोणी हाकललं असेल, कोणी पाठीवरून हात फिरवला असेल. या सगळ्यातून माणूस म्हणजे काय हे ती शिकली. तिला माणसाळवणारी व्यक्ती एक नव्हती, अख्खी गल्ली होती.

आता पहिल्या कुत्र्याकडे वळू.

कुत्रा लांडग्यापासून झाला यात आता कोणालाही शंका नाही. पण आज जगात जे लांडगे आहेत, त्यांपैकी कोणीही त्याचा थेट पूर्वज नाही. २०२२ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी जगभरच्या सहकाऱ्यांबरोबर गेल्या १ लाख वर्षांतल्या ७२ प्राचीन लांडग्यांच्या हाडांतून जनुकीय माहिती काढली. कुत्र्यांचं नातं त्यांना युरोपातल्यापेक्षा आशियातल्या, सैबेरियाच्या बाजूच्या प्राचीन लांडग्यांशी जास्त जवळचं दिसलं. पण नेमका पूर्वज त्या ७२ मध्येही सापडला नाही. ज्या लांडग्यांमधून कुत्रा फुटला तो कळप बहुधा पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि त्याची ओळख आता कुत्र्यांमध्येच उरली आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या माळरानावर, सासवडपासून नान्नजपर्यंत, जो सडपातळ लांडगा धनगरांच्या कळपामागे फिरतो, तोही कुत्र्याचा बाप नव्हे. भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या इतर करड्या लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला आहे, हे २०२१ च्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवलं. नातं लावायचंच तर तो गल्लीतल्या कुत्र्याचा दूरचा चुलता.

लांडग्याचा कुत्रा कधी झाला यावर अजून भांडण मिटलेलं नाही. बेल्जियममधल्या गोये इथल्या गुहेत सापडलेली सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची कवटी काही जण कुत्र्याची म्हणतात, काही जण वेगळ्या धाटणीच्या लांडग्याची. जनुकांवरून काढलेले अंदाज २० ते ४० हजार वर्षांच्या मध्ये कुठेही जातात. पण एका ठिकाणी फारसा वाद नाही, आणि मला त्या ठिकाणी थोडं थांबायचं आहे.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक थडगं सापडलं. त्यात एक पुरुष, एक तरुण स्त्री आणि त्यांच्याबरोबर काही प्राण्यांची हाडं होती. ही हाडं कुत्र्याची आहेत हे ओळखायला पुढे कित्येक दशकं गेली. थडगं सुमारे १४ हजार २०० वर्षांपूर्वीचं. कुत्रा म्हणजे खरंतर पिल्लूच, जेमतेम सात महिन्यांचं. २०१८ साली लुक जान्सेन्स या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या पिल्लाचे दात बारकाईने तपासले. दातांच्या वरच्या आवरणावर आडव्या खाचा होत्या. पिल्लू वाढत असताना जबर आजारी पडलं की दाताची वाढ तेवढ्या दिवसांपुरती अडखळते आणि तिची रेघ कायमची राहते. अशा रेघा एकापेक्षा जास्त होत्या. म्हणजे साडेचार महिन्यांच्या सुमाराला पिल्लाला डिस्टेंपर झाला असावा, आणि थोडं सावरून ते पुन्हा पुन्हा आजारी पडलं असावं.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना डिस्टेंपर म्हणजे काय हे सांगायला नको. ताप, उलट्या, जुलाब, अंगात पाणी राहत नाही, पुढे झटके. लस नसलेलं पिल्लू त्यातून क्वचितच वाचतं. हे पिल्लू पहिल्या दुखण्यानंतर साधारण आठ आठवडे जगलं. कोणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण काढली, याशिवाय ते शक्य नव्हतं असं संशोधकांचं म्हणणं आहे. आणि हे पिल्लू त्या काळात कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. ते शिकारीला जाऊ शकत नव्हतं, राखण करू शकत नव्हतं. तरी हिमयुगाच्या अखेरीस, ज्यांना रोजचं अन्न रोज मिळवावं लागत होतं, अशा माणसांनी त्याची शुश्रूषा केली आणि शेवटी माणसांबरोबर पुरलं. माणसाने कुत्रा शिकारीसाठी आणि राखणीसाठी पाळला, एवढ्यावर मुलीला थांबू देऊ नका. उपयोग नक्कीच होता, पण सगळ्यांत जुना निःसंशय पुरावा हाती येतो तो एका आजारी पिल्लाच्या सेवेचा.

जवळीक सुरू कशी झाली, याबद्दलचा एक विचार तुम्हाला कॅम्प ५ मध्येच पडताळून बघता येईल. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी २००१ साली मांडलं की कुत्रा माणसाने घडवला नाही, माणसाच्या कचऱ्याने घडवला. वस्तीबाहेर उष्टं-खरकटं, हाडं, कातडी पडायची. लांडगे ती खायला यायचे. माणूस दिसताच जो लांडगा लांब पळायचा तो उपाशी परतायचा, जो थोडंच मागे सरून थांबायचा त्याचं पोट भरायचं. त्याची पिल्लं जास्त जगायची. पिढ्यान्‌पिढ्या पळण्याचं अंतर कमी होत गेलं. तुमच्या भागातल्या डम्पिंग ग्राउंडवर किंवा अगदी घंटागाडी येते त्या कोपऱ्यावर पाच मिनिटं उभं राहा. कचरा टाकणारा माणूस जवळ आला की कोणतं कुत्रं किती पावलं मागे सरतं आणि सगळ्यांत आधी कोण परत येतं ते मुलीला मोजू द्या. कॉपिंजर यांनी मेक्सिकोतल्या कचऱ्याच्या ढिगांवरच्या कुत्र्यांकडे बघून हेच टिपलं होतं.

विचार पटण्यासारखा आहे, पण काळाचा हिशेब जुळत नाही. एका जागी वस्ती करून माणूस राहू लागला आणि कचऱ्याचे ढीग साचू लागले ते गेल्या १२-१३ हजार वर्षांत. ओबरकासेलचं पिल्लू त्याच्या आधीचं. भटक्या टोळीच्या मागे एवढा उकिरडा कुठून असणार? या अडचणीवर फिनलंडच्या मारिया लाहतिनेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली एक उत्तर सुचवलं. हिमयुगाच्या कडक हिवाळ्यात शिकारीचे प्राणीच रोडावलेले असायचे, मांसावर चरबी नसायची. माणसाचं यकृत नुसत्या प्रथिनांवर भागवू शकत नाही, माणसाला चरबी किंवा पिष्ट लागतंच. म्हणून चरबी, मगज, मज्जा माणसं खायची आणि कोरडं मांस उरायचं. लांडगा मात्र त्या मांसावर महिनोन्‌महिने जगू शकतो. म्हणजे ज्या प्राण्याशी अन्नावरून वैर असायला हवं, त्याच्याशी त्या हिवाळ्यांत वैर उरत नव्हतं. अशा टोळीजवळ एखादं अनाथ पिल्लू आलं किंवा मुलांनी उचलून आणलं, तर ते पोसणं जड नव्हतं.

मला स्वतःला यातला एकच एक विचार निवडावासा वाटत नाही. सुरुवात उरलेल्या मांसाने आणि उचलून आणलेल्या पिल्लांनी झाली असावी, आणि गावं वसल्यावर उकिरड्याने ती पक्की केली असावी. लांडग्याचा कुत्रा अमुक वर्षी अमुक माणसाने केला असा क्षणच आलेला नाही. ज्या पिल्लांना माणसाची भीती कमी वाटत होती, ती माणसाजवळ टिकली आणि त्यांचीच वीण वाढत गेली.

नुसती भीती कमी झाल्याने एवढा बदल होतो का, असं मुलगी विचारेल. रशियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली हे कोल्ह्यांवर करून बघायला घेतलं आणि त्यांच्यामागे ल्युडमिला त्रुत यांनी ते अनेक दशकं चालवलं. पिंजऱ्यात हात घातल्यावर जो कोल्हा चावत नाही, बिचकत नाही, एवढीच निवडीची अट. काही पिढ्यांतच माणूस दिसला की शेपटी हलवणारी, कण्हून लाडात येणारी पिल्लं जन्मू लागली, पुढे काहींचे कान लोंबते आणि अंगावर पांढरे ठिपके दिसले. हे कोल्हे मुळात कॅनडातल्या फर-उद्योगातून आलेले होते आणि तिथे आधीच थोडे माणसाळलेले होते, त्यामुळे कान आणि ठिपक्यांचं श्रेय सगळंच या निवडीला देता येत नाही, असा आक्षेप २०१९ मध्ये घेतला गेला. तो योग्य आहे. पण स्वभाव निवडीने बदलतो, आणि माणसाच्या एका आयुष्यात बदलतो, हे मात्र या प्रयोगाने दाखवलंच.

शेतीने कुत्र्याच्या पोटातही फरक केला. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली आणि कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितली जाते. लांडग्याने ती पोळी पळवली असती तर ती त्याच्या फारशी अंगी लागली नसती. पिष्ट पचवणारा अमायलेज हा पाचकरस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत प्रती आढळतात, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. ज्या भागांत शेती पोचली नाही तिथल्या कुत्र्यांत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डिंगोत किंवा बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीत, त्या कमी असतात. भाकरी-पोळीचे शेकडो पिढ्यांचे तुकडे तुमच्या कुत्रीच्या जनुकांत नोंदवलेले आहेत.

आता भारतात येऊ, आणि तुम्ही उल्हासनगरचे, म्हणून सिंधपासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प, तिथल्या बराकी आणि फाळणीनंतर त्यांत येऊन राहिलेली सिंधी कुटुंबं हा ८ ऑगस्ट १९४९ पासून उल्हासनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुमच्या शहराचा इतिहास. ही कुटुंबं जो प्रांत सोडून आली, त्याच सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या दक्षिणेला चन्हुदडो नावाचं हडप्पा संस्कृतीतलं कारागिरांचं गाव होतं. मणी घडवणारे, शंख कापणारे लोक तिथे राहत. अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा एक वीट सापडली. वीट ओली असताना, वाळत घातलेली असताना, तिच्यावरून एक मांजर धावलं होतं. त्याच्या पंजाच्या ठशावर किंचित चढलेला दुसरा ठसा होता, कुत्र्याचा. ठशांच्या खोलीवरून दोघंही भरधाव होते हे कळत होतं. मग वीट भाजली गेली आणि चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा तो पाठलाग तसाच राहिला.

त्या विटेवरून मला एक गोष्ट दिसते. तो कुत्रा बांधलेला नव्हता. कामाच्या जागी, ओल्या विटांच्या रांगांमधून मोकळा हिंडत होता. कोणी त्याला हाकललं असेल, वीटवाला चिडला असेल, पण कुत्रा वस्तीचाच होता. त्याच संस्कृतीतल्या भाजक्या मातीच्या काही कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा कोरलेला आहे. म्हणजे पट्ट्याचा कुत्रा आणि गल्लीचा कुत्रा दोन्ही तेव्हाही होते.

काश्मीरमध्ये बुर्झहोम इथे साधारण चार हजार वर्षांपूर्वी माणसांच्या थडग्यांत कुत्रेही पुरलेले सापडले. आणि आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं खोड खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून अधिक. रथ हाकणारा माणूस उभा आहे आणि त्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बहुतेक अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. घडवणाऱ्याला कुत्रा नसता तरी चाललं असतं, रथ पुरा झाला असता. त्याने तो घातला, कारण गाडी निघाली की कुत्रा बरोबर असायचाच. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे आहेत, धर्मराजाच्या शेवटच्या वाटेवर कुत्रा आहे. धनगराच्या वाड्यापासून देव्हाऱ्यापर्यंत त्याची जागा आपल्याकडे अशी पक्की आहे.

यावरून तुमच्या गल्लीतल्या कुत्रीबद्दल माझं मत ठाम आहे. तिला 'बेवारस' म्हणणं चूक आहे. ती कोणाच्या घरातून सुटलेली, टाकलेली पाळीव कुत्री नव्हे. अल्सेशियन, पग, लॅब्रॅडोर यांच्या आजच्या जाती बहुतेक गेल्या दोनशे वर्षांत माणसाने वीण निवडून घडवल्या. तुमची कुत्री त्यांच्याहून जुन्या तऱ्हेची आहे. आजही जगातले बहुसंख्य कुत्रे असेच मोकळे, वस्तीच्या आधाराने जगणारे आहेत. कुत्र्याचं मूळ रूप म्हणाल तर ते दुकानासमोर बसलेलं आहे.

हे मोकळे कुत्रे माणसाला किती जाणतात, याचा सगळ्यांत चांगला अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांनी अनोळखी कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवलं. सुमारे निम्मे कुत्रे बिचकून जवळच आले नाहीत. जे आले, त्यांतल्या ८० टक्के कुत्र्यांनी बोटाची दिशा बरोबर ओळखली. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या एका अभ्यासात काही कुत्र्यांना रोज खाऊ दिला, काहींना रोज डोक्यावरून हात फिरवला. दिवस जात गेले तसा जास्त विश्वास हात फिरवणाऱ्यावर बसला. तुमची कुत्री शटर उघडायच्या आधी येते ती बिस्किटासाठी येतच असेल, पण नुसती बिस्किटासाठी नव्हे.

मुलीला एक निरीक्षण करायला सांगा, लांबूनच. कुत्री कोणाकडे मान वर करून बघत असेल तेव्हा तिच्या भुवईचा आतला कोपरा वर जातो आणि डोळे मोठे, केविलवाणे दिसतात. तो कोपरा उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात तो जवळजवळ नसतो. २०१९ साली पोर्ट्समथ विद्यापीठाच्या ज्युलियान कामिन्स्की यांनी हे दाखवलं. ज्या कुत्र्यांच्या नजरेने माणूस पाघळला, त्यांना तुकडा मिळाला आणि त्यांचीच पिल्लं वाढली, असं त्याचं कारण असावं.

या नात्याची दुसरी बाजूही मुलीला कळायला हवी. भद्र यांच्याच चमूने २०१६ साली पिल्लांच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी फक्त १९ टक्के सात महिन्यांची होईपर्यंत जगली. आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता: गाडीखाली येणं, मारहाण, विष, आईपासून उचलून नेणं. दर वेळी पिल्लं होत राहणं आणि त्यातली बहुतेक मरत राहणं, यात कुत्र्यांचंही भलं नाही आणि गल्लीचंही नाही. शिवाय मोकळ्या कुत्र्यांचा त्रास माळरानापर्यंत पोचतो. पुण्याजवळ २०१४ साली एक वेगळ्याच रंगाचा लांडगा दिसला, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत तिथे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं सिद्ध झालं. कुत्र्यांचा डिस्टेंपरही लांडग्यांना होतो. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही दोन घराणी पुन्हा मिसळली, तर नुकसान लांडग्याचं होईल, कारण भारतात लांडगे काही हजारच उरले आहेत.

गल्लीतला कुत्रा कोणाचा, हा प्रश्न मुंबईत १८३२ सालीही पेटला होता. भटके कुत्रे मारण्याच्या इंग्रजांच्या हुकमाविरुद्ध पारशी लोक त्या जूनमध्ये फोर्टमध्ये रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. आज कायदा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा आहे: कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची. १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाखांहून जास्त माणसं राहतात, अशा तुमच्या शहरात माणूस आणि कुत्रा एकमेकांना टाळू शकत नाहीत. म्हणून लस आणि नसबंदी या दोन गोष्टींना पर्याय नाही. ओला कचरा रस्त्याच्या कोपऱ्यावर न टाकता थेट घंटागाडीत देणं ही तिसरी, आणि ती पूर्ण तुमच्या हातात आहे. जेवढा उकिरडा, तेवढीच कुत्र्यांची संख्या. हा हिशेब कॉपिंजर यांच्या लांडग्यांपासून बदललेला नाही.

मुलीला एवढं मात्र आजच सांगून ठेवा. कुत्री कितीही ओळखीची असली तरी ती खात असताना, झोपलेली असताना किंवा पिल्लांजवळ असताना तिला हात लावायचा नाही. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी सांगायचं, लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचा पहिला डोस घ्यायचा. पुढचे डोस चुकवायचे नाहीत. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

आणि उद्या शटरपाशी तुमच्या कुत्रीच्या कानांकडे बघा. एका कानाच्या टोकाला कापल्यासारखी खाच असेल तर तिची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी तिला रेबीजची लसही दिली गेली असेल. त्या लसीला वर्ष उलटलं असेल तर पुन्हा द्यावी लागते. खाच नसेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून महापालिकेकडे अर्ज द्या.